तेरा की दहा?

संगणकातल्या फाइलीत ‘ओळ’ नावाची वस्तूच नसते. असते ती आकड्यांची एक लांबच लांब रांग. पडद्यावर आपल्याला एकाखाली एक ओळी दिसतात, कारण त्या रांगेत ठिकठिकाणी ‘इथे ओळ संपली’ असं सांगणारी खूण पेरलेली असते. ही खूण कोणती असावी यावर संगणकाच्या जगात आजवर एकमत झालेलं नाही. युनिक्स, लिनक्स आणि आजचा मॅक १० हा आकडा वापरतात. डॉस आणि विंडोज १३ व १० असे दोन आकडे लागोपाठ वापरतात. २००१ पूर्वीचा मॅकिंटॉश नुसत्या १३ वर भागवायचा. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. पण कुणीतरी विंडोजवर फाइल उघडतो, एक शब्द दुरुस्त करतो, जतन करतो आणि फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट जाहीर करतं की तीन हजार ओळी बदलल्या.

हा घोळ मायक्रोसॉफ्टचा, असं लिनक्सवाले म्हणतात. युनिक्सवाल्यांनीच प्रमाण मोडलं, असं विंडोजवाले म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे, आणि दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. यंत्राची एखादी गरज मजकुरातच लिहून ठेवायची, की मजकूर यंत्राकडे जाईल तेव्हा तिथल्या तिथे भागवायची? आणि हे ठरवायचं कुणी? गेली साठ वर्षं हा वाद वेगवेगळ्या नावांनी चालू आहे.

टाइपरायटरवर ज्यांनी टायपिंगची परीक्षा दिली त्यांना डाव्या हाताचा तो दांडा आठवत असेल. ओळ संपत आली की घंटी वाजायची. दांडा ढकलला की एकाच हिसक्यात दोन कामं व्हायची. रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा, आणि सगळं कॅरेज उजवीकडे जाऊन नवी ओळ डाव्या समासापासून सुरू व्हायची. हाताला ते एकच काम वाटायचं. तारयंत्राला मात्र हात नव्हते.

एमिल बोदो यांच्या १८७० च्या दशकातल्या फ्रेंच तारयंत्रात हा प्रश्न आलाच नाही. ते अरुंद कागदी पट्टीवर छापायचं, आणि पट्टीला ओळी नसतात. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले डोनाल्ड मरे यांना मात्र तारेचा मजकूर टाइपरायटरसारखा पानावर उमटवायचा होता. १९०१ च्या सुमारास त्यांनी बोदोंची पाच खुणांची लिपी नव्याने बसवली. जी अक्षरं जास्त वेळा येतात त्यांना कमी भोकं पडतील अशी वाटणी केली, म्हणजे यंत्राची झीज कमी. त्याच लिपीत त्यांनी अशा दोन खुणा घातल्या ज्यांना अक्षरच नव्हतं. एक सांगायची, कॅरेज मागे आण. दुसरी सांगायची, कागद वर सरकव. मजकूर आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा एकाच तारेतून, एकाच रांगेत जाऊ लागल्या त्या इथून. पुढचं सगळं रामायण याच सोयीतून घडलं. मरे यांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे तार एकच होती.

आता थेट १९६३ मध्ये येऊ. त्या वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. टेलिटाइप कॉर्पोरेशनने मॉडेल ३३ हे टेलिप्रिंटर यंत्र बाजारात आणलं. ते इतरांच्या मानाने स्वस्त होतं, त्यामुळे पुढच्या दशकभरात अनेक संगणकांना तेच जोडलेलं असायचं. आणि जूनमध्ये अ‍ॅस्की या सांकेतिक लिपीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. १२८ जागांच्या या तक्त्यातल्या पहिल्या ३२ जागा यंत्राच्या आज्ञांना दिल्या होत्या. ७ म्हणजे घंटी, १० म्हणजे लाइन फीड, कागद सरकवा. १३ म्हणजे कॅरेज रिटर्न, मागे या. नियंत्रणाची कळ दाबून एम दाबलं की १३ उमटतो, कारण एम हे इंग्रजीतलं तेरावं अक्षर. बदलांच्या यादीत ओळीच्या टोकाला टोपी घातलेला जो एम लटकताना दिसतो, तो हाच.

मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा भाग. पण छापण्याचं टोक ७२ व्या घरातून पहिल्या घरात यायला त्याच्या दुप्पट वेळ लागायचा. यंत्राला थांबायला सांगण्याची सोय नव्हती, तारेवरून पुढचं अक्षर येतच राहायचं. म्हणून क्रम ठरला. आधी १३, मग १०. टोक मागे धावत असतानाच कागद सरकवण्याची आज्ञा पोहोचायची, आणि तेवढ्या वेळात टोक डाव्या समासाला लागायचं. क्रम उलटा केला तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर पानाच्या मध्येच कुठेतरी फरफटत उमटायचं. यंत्र जुनं होऊन मंदावलं असेल तर १३ आणि १० नंतर एकदोन निरर्थक खुणा पाठवायच्या, केवळ वेळ काढायला. आज आपल्या फाइलींमध्ये ज्या क्रमाने हे दोन आकडे पडून आहेत तो क्रम असा पोलादी टोकाच्या धावण्याच्या वेगावरून ठरलेला आहे.

दोन वेगळ्या आज्ञा ठेवण्यात फायदेही होते. नुसता १३ पाठवला की टोक त्याच ओळीच्या सुरुवातीला यायचं, मग छापलेल्या शब्दांखाली रेघ मारता यायची, अक्षर दोनदा छापून ठळक करता यायचं. पासवर्ड लपवायलाही ही युक्ती वापरायचे. आधी एकावर एक अक्षरं छापून कागदावर काळा पट्टा तयार करायचा आणि वापरणाऱ्याने त्याच्यावर टाइप करायचं.

प्रमाण ठरवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की ही दोन कामं एकच आहेत असं मानणारी यंत्रंही येणार आहेत. अ‍ॅस्कीच्या १९६८ च्या आवृत्तीत त्यांनी एक सवलत ठेवली. हवं तर एकट्या १० चा अर्थ ‘नवी ओळ’ असा घ्या, पण पाठवणारा आणि घेणारा यांच्यात तसं ठरलेलं असलं पाहिजे. प्रमाणपुस्तकात असं वाक्य वाचताना आपण सहज पुढे जातो. पण नंतरचा सगळा त्रास त्याच एका अटीचा आहे. सवलत सगळ्यांनी घेतली, ठरवाठरवी कुणी केली नाही.

मल्टिक्स ही संगणकप्रणाली तेव्हा आकाराला येत होती. मॅसॅच्युसेट्सचं एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांचा तो एकत्रित प्रकल्प. तिथल्या लोकांनी जो निर्णय घेतला तो माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय होता. फाइलीत ओळ संपल्याची खूण एकच ठेवायची, १०. ज्या यंत्रावर ती फाइल जाणार त्याला १३ लागतो का, वेळ काढायला रिकाम्या खुणा लागतात का, हे त्या यंत्राशी बोलणाऱ्या ड्रायव्हरने बघायचं. मजकूर मजकुरासारखा राहिला, यंत्राची नाटकं यंत्राच्या उंबरठ्यावर थांबली.

१९६९ मध्ये बेल लॅब्सने मल्टिक्समधून अंग काढून घेतलं. पण केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे पीडीपी-७ या संगणकावर जे युनिक्स उभं केलं, त्यात हा निर्णय सोबत आणला. त्याचं चीज तिथे झालं. एका बाइटने ओळ तुटते म्हटल्यावर ओळी मोजणं, शोधणं, क्रमाने लावणं या कामांची छोटीछोटी साधनं लिहिणं सोपं झालं. सी भाषेतही नवी ओळ म्हणजे एकच अक्षर. आणि १९७४ च्या सुमारास युनिक्समध्ये डिफ आलं. डग्लस मॅकिल्रॉय आणि जेम्स हंट यांचं. दोन फाइलींची ओळीओळीने तुलना करून काय वाढलं, काय गळलं ते सांगणारं. आवृत्त्या सांभाळणाऱ्या पुढच्या बहुतेक साधनांचं काम या ओळवार तुलनेवर बेतलेलं आहे. ओळ म्हणजे काय यावरच वाद असेल तर मग तुलना कशाची?

इकडे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या प्रणालींमध्ये १३ आणि १० दोन्ही फाइलीत ठेवण्याची पद्धत होती. त्या प्रणालींवर हात बसलेले गॅरी किल्डॉल कॅलिफोर्नियात छोट्या संगणकांसाठी सीपी/एम लिहीत होते, साल १९७४. त्यांनी तीच पद्धत उचलली. आज हसू येतं, पण तेव्हाच्या तुटपुंज्या स्मृतीत एक सोय मोठी होती. फाइल जशीच्या तशी प्रिंटरकडे ढकलली की ती नीट छापली जायची, मध्ये कुणी दुभाषा नको. सीपी/एममध्ये फाइलीची लांबी १२८ बाइटच्या पटीतच नोंदली जायची, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते सांगायला २६ हा आकडा वापरत. हा २६ पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९८० मध्ये सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसन यांनी सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत अशा बेताने ८६-डॉस लिहिलं. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. १२ ऑगस्टला आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्या क्षणापासून १३-१० ही जोडी लाखो टेबलांवर जाऊन बसली. ती मायक्रोसॉफ्टने शोधली नाही, वारशात घेतली. सी भाषा डॉसवर आली तेव्हा फाइल ‘मजकूर’ म्हणून उघडायची की ‘बायनरी’ म्हणून, असा भेद करावा लागला, कारण भाषेला एकच अक्षर हवं होतं आणि फाइलीत दोन होती. म्हणजे दुभाषा आलाच, फक्त यंत्राच्या दारातून उठून प्रत्येक प्रोग्रॅमच्या दारात येऊन बसला.

अ‍ॅपलने १३ एकटाच का ठेवला हे समजणं सोपं आहे, कळफलकावरची रिटर्न कळ तोच आकडा पाठवते. २००१ मध्ये मॅक युनिक्सच्या पायावर गेला आणि १० कडे वळला. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर तर पंचकार्डांच्या काळापासून ओळ म्हणजे ८० घरांचं एक कार्ड. कार्ड संपलं की ओळ संपली, खुणेची गरजच नाही. खरं तर सगळ्यांत स्वच्छ उत्तर हेच होतं, पण ८१ वं अक्षर आलं की ते कोसळायचं.

संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले तेव्हा अ‍ॅस्कीने सांगितलेली ठरवाठरवी करणं भागच पडलं. टेलनेटसाठी एक काल्पनिक टर्मिनल कल्पिलं गेलं आणि त्याची ओळ १३-१० ने संपेल असं ठरलं. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मांडलेल्या ईमेलच्या नियमांत तेच, पुढे वेबच्या नियमांतही तेच. म्हणजे ज्या युनिक्स यंत्रांवर इंटरनेट वाढलं, त्यांनी घरात एक आणि दारात दुसरं असा संसार केला. ठरलेलं न पाळल्याची किंमत अजूनही मोजावी लागते. पत्र संपल्याची खूण म्हणजे स्वतंत्र ओळीवर एकटा पूर्णविराम. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं की काही मेल सर्व्हर नुसत्या १० नंतरचा पूर्णविरामही खूण मानतात, काही मानत नाहीत, आणि या फटीतून एका पत्राच्या पोटात दुसरं बनावट पत्र सरकवता येतं.

फाइली पाठवणाऱ्या एफटीपीने दोन रीती दिल्या, एक मजकुराची, एक बायनरी. मजकुराच्या रीतीत ओळींच्या खुणा वाटेत बदलल्या जायच्या. चित्र किंवा झिप फाइल चुकून या रीतीने आणली की तिच्यात योगायोगाने असलेल्या प्रत्येक १० च्या आधी १३ घुसायचा आणि फाइल निकामी व्हायची. नव्वदच्या दशकात हा अपघात इतका नेहमीचा होता की १९९५-९६ मध्ये पीएनजी हा चित्रांचा प्रकार घडवणाऱ्यांनी त्यावर एक नामी उपाय केला. प्रत्येक पीएनजी फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यातले दुसरा, तिसरा, चौथा म्हणजे पी, एन, जी. पुढची १३-१० ची जोडी कुणी नुसत्या १० मध्ये बदलली तर लगेच कळतं. शेवटच्या एकट्या १० ची कुणी जोडी केली तर तेही कळतं. मधला २६ हा सीपी/एमचा तोच जुना ‘मजकूर संपला’. डॉसवर कुणी चित्र मजकूर समजून पडद्यावर ओतलं तर कचरा न दिसता ते तिथेच थांबतं. पहिला १३७ आठव्या बिटावर काट मारणाऱ्या जुन्या जोडण्यांना पकडतो. पाच बाइटांत सापळेच सापळे, आणि तुमच्या फोनमधला प्रत्येक स्क्रीनशॉट जर पीएनजी असेल तर तो टेलिप्रिंटरचा हा सगळा इतिहास कपाळावर घेऊन फिरतो.

मराठीचा इथे एक खास धागा आहे. युनिकोडमध्ये ‘ऊ’ या अक्षराचा क्रमांक सोळाच्या पद्धतीत ०९०ए. दोन बाइटांत लिहिला तर ९ आणि १०. ‘ऍ’चा क्रमांक ०९०डी, म्हणजे ९ आणि १३. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये जतन करताना ‘युनिकोड’ हा पर्याय निवडला की फाइल याच दोन बाइटांच्या यूटीएफ-१६ पद्धतीने लिहिली जायची. अशी फाइल आंधळेपणाने ओळींच्या खुणा बदलणाऱ्या साधनाच्या हाती पडली, तर ओळ संपलेली नसतानाही ऊस, ऊन, ऊब अशा प्रत्येक शब्दापाशी त्याला ओळ संपल्याचा भास होणार. मध्ये एक १३ घुसला की पुढच्या बाइटांच्या जोड्याच एक घर सरकतात आणि मजकुराचा चिखल होतो. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही, कारण त्यात देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवा, या सल्ल्यामागे जी अनेक कारणं आहेत त्यात हेही एक.

आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांना सुरुवातीला हा त्रास नव्हता. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस सुरू केलं, पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचं आरसीएस दहा वर्षांनी आलं. काम करणारे सगळे एकाच यंत्रावर किंवा एकाच जातीच्या यंत्रांवर. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये पाया घातलेलं सीव्हीएस जेव्हा जाळ्यावरून वापरलं जाऊ लागलं आणि पलीकडच्या टोकाला विंडोज आलं, तेव्हा वाद घरात शिरला. सीव्हीएसने समजूत करून घेतली की जे काही आहे ते मजकूरच आहे. साठवताना १०, विंडोजवर देताना १३-१०. चित्र टाकायचं असेल तर ‘ही बायनरी’ असं आठवणीने सांगायचं. लोक विसरायचे, आणि चित्रं मरायची.

२००० मध्ये सुरू झालेल्या सबव्हर्जनने उलट टोक धरलं. सांगितल्याशिवाय एका बाइटलाही हात लावायचा नाही. ओळींचं रूपांतर हवं असेल त्या फाइलीवर तशी खूणचिठ्ठी लावा. तत्त्व उत्तम. पण नव्या फाइलींवर ती चिठ्ठी आपोआप लागावी यासाठीचं सेटिंग प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर असायचं. दहा जणांच्या गटात सात जणांनी ते केलं, तिघांनी नाही, तर सगळ्यांच्या फाइली जिथे साठतात त्या भांडाराची अवस्था काय होणार? हे सेटिंग भांडारातच ठेवण्याची सोय सबव्हर्जनमध्ये आली १.८ या आवृत्तीत, २०१३ साली. तोवर बहुतेक मंडळी गिटकडे निघाली होती.

गिटचा जन्म एप्रिल २००५ चा. लिनक्सच्या गाभ्याचं काम बिटकीपर या साधनावर चालायचं, त्याचा फुकट परवाना गेला आणि लिनस टॉरवॉल्ड्स यांनी स्वतःचं साधन लिहायला घेतलं. गिट फाइलीला नावाने ओळखत नाही. तिच्यातल्या सगळ्या बाइटांवरून एसएचए-१ पद्धतीने ४० अक्षरी ठसा काढतं, आणि तो ठसा हीच तिची ओळख. एक बाइट हलला की ओळख बदलली. अशा रचनेत कुणाच्याही नकळत १३ घालणं किंवा काढणं म्हणजे पायाशीच खेळ. त्यातून टॉरवॉल्ड्स आणि त्यांचे सहकारी सगळे लिनक्सवर. त्यांच्या जगात १३ नव्हताच.

पण गिट विंडोजवर पोहोचलं. फेब्रुवारी २००७ मध्ये टॉरवॉल्ड्स यांनीच गिटमध्ये एक बदल जोडला आणि त्याला आळशी माणसाचं ऑटो-सीआरएलएफ अशा अर्थाचं शीर्षक दिलं. सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, १३; एलएफ म्हणजे लाइन फीड, १०. फाइलीतल्या बाइटांची जातवारी करून ती मजकुराची दिसते का याचा गिट अंदाज घेणार. वाटली तर भांडारात जाताना १३-१० चे १० करणार, आणि बाहेर येताना पुन्हा १३-१०. आत एकच खूण, रूपांतर उंबरठ्यावर. मल्टिक्सचाच निर्णय, चाळीस वर्षांनी. तो बरोबरही होता. घात झाला तो दुसऱ्या प्रश्नावर, ठरवायचं कुणी. ऑटोसीआरएलएफ हे सेटिंग प्रत्येकाच्या संगणकावर राहिलं. त्याच्या किमती तीन: ट्रू, इनपुट आणि फॉल्स. यातल्या इनपुटचा अर्थ पहिल्या वाचनात कळलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आत जाताना १३ काढा, बाहेर येताना काही करू नका, असा तो अर्थ.

विंडोजवर गिट बसवताना हाच प्रश्न तीन पर्यायांसह विचारला जातो. ज्याने गिट पहिल्यांदाच पाहिलं आहे त्याला, ओळीच्या खुणेबद्दल काहीही माहीत नसताना, आणि ज्या प्रकल्पात तो काम करणार आहे त्याचं नावही अजून त्याच्या कानावर नसताना. तो ‘नेक्स्ट’ दाबतो. त्या एका क्लिकवर उद्या त्याच्या गटाचं मर्ज अवलंबून असतं. हा प्रश्न तिथे विचारणं ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत न पटणारी गोष्ट वाटते. फाइल कशी असावी हे प्रकल्पाला माहीत असतं, ज्याच्या लॅपटॉपवर ती उतरते त्याला नाही.

परिणाम काय व्हायचे ते ज्यांनी भोगले ते विसरणार नाहीत. भांडारात आधीपासूनच १३-१० असलेल्या फाइली असल्या, तर ऑटोसीआरएलएफ चालू असलेल्या माणसाने नुकतंच क्लोन केलं तरी गिट म्हणायचं, या फाइली तुम्ही बदलल्यात. बदल फेकून दिले तरी पुन्हा तेच. कुणीतरी वैतागून सगळं कमिट करायचा. मग सगळ्या प्रकल्पातली प्रत्येक ओळ त्याच्या नावावर. पाच वर्षांपूर्वी कोडमधली एखादी अट कुणी घातली होती हे शोधायला, कोणती ओळ कुणाची ते सांगणारं ब्लेम चालवावं, तर उत्तर एकच, गेल्या मंगळवारचं ते कमिट. ज्यांच्या ब्रँचा उघड्या होत्या त्यांना प्रत्येक फाइलीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कॉन्फ्लिक्ट. २००८ मध्ये सेफसीआरएलएफ आलं, म्हणजे रूपांतर उलटवता येणार नसेल तर इशारा देणारं. इशारे इतके येऊ लागले की लोकांनी ते वाचणं सोडलं.

उत्तर खरं तर २००७ मध्येच हाताशी आलं होतं. त्याच वर्षी गिटमध्ये गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची फाइल आली. ती भांडारातच राहते, प्रत्येक क्लोनबरोबर सगळ्यांकडे जाते, आणि कोणत्या फाइलीला काय वागणूक द्यायची ते तिच्यात लिहिता येतं. सुरुवातीला तिची रचना अवघडलेली होती. जुलै २०१० मध्ये गिट १.७.२ आलं आणि त्यात आयव्हिंड बर्नहार्डसन यांनी सुचवलेली नवी मांडणी आली. मजकूर आहे की नाही, हे ‘टेक्स्ट’ सांगणार. बाहेर कोणत्या खुणेने यायचं, हे ‘ईओएल’ सांगणार. प्रकल्पाने लिहिलेलं असेल ते वापरणाऱ्याच्या सेटिंगवर मात करणार. भांडारात आधीच १३ असलेल्या फाइलींना ऑटोसीआरएलएफने हात लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. १९६८ मध्ये अ‍ॅस्कीने पाठवणारा आणि घेणारा यांच्यात जे ठरलेलं असावं म्हटलं होतं, ते लिहून ठेवायला एक जागा मिळाली ती अशी बेचाळीस वर्षांनी.

जागा मिळाली, लिहिण्याची सवय लागली नाही. २०१३ नंतर डॉकर आलं आणि जुनं दुखणं नव्या रूपात दिसू लागलं. विंडोजच्या लॅपटॉपवर क्लोन केलेली शेल स्क्रिप्ट ऑटोसीआरएलएफने १३-१० ची करून ठेवलेली. ती तशीच लिनक्सच्या कंटेनरमध्ये जाते. लिनक्सचा गाभा पहिल्या ओळीवरून कोणता इंटरप्रिटर हवा ते वाचतो, १० दिसेपर्यंत. त्याच्या आधीचा १३ नावाचाच भाग समजला जातो. मग बॅश नव्हे, तर शेवटी अदृश्य १३ लागलेलं बॅश नावाचं काहीतरी शोधलं जातं, आणि संदेश येतो, अशी फाइल सापडली नाही. फाइल डोळ्यांसमोर असते. नाव बरोबर, जागा बरोबर, परवानग्या बरोबर. दिवस जातो.

मे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की नोटपॅडला आता नुसता १० आणि नुसता १३ ही समजेल. त्या वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० च्या आवृत्तीबरोबर ते सगळ्यांकडे पोहोचलं. १९८५ पासून नोटपॅड युनिक्सची फाइल एकाच अखंड ओळीत दाखवत होतं. त्यासाठी तेहतीस वर्षं लागावीत असं त्यात काही अवघड नव्हतं. आज विंडोजवरचा जवळपास प्रत्येक एडिटर १० ला सरावलेला आहे, त्यामुळे विंडोजवर बाहेर काढतानाही १३ घालण्याचं पूर्वीचं कारण बरंचसं उरलेलं नाही.

तुमच्या प्रकल्पाच्या मुळाशी गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल नसेल तर आजच घाला. पहिली ओळ सगळ्या फाइलींसाठी ‘टेक्स्ट’ची किंमत ‘ऑटो’ ठेवणारी. शेल स्क्रिप्टना ईओएल एलएफ. चित्रं, फाँट, पीडीएफ यांना बायनरी. प्रकल्प जुना असेल तर २०१८ पासून गिट अ‍ॅडला रीनॉर्मलाइझ हा पर्याय आहे, त्याने सगळ्या खुणा एकदाच सरळ करता येतात. पण ते स्वतंत्र कमिट असू द्या, त्यात दुसरा एकही बदल नको, आणि उघड्या ब्रँचा मर्ज झाल्यावरच करा. त्या कमिटचा ठसा ब्लेमने दुर्लक्ष करायच्या यादीत टाकून ठेवा, ही सोय २०१९ पासून आहे. आणि विंडोजच्या बॅच फाइलींना ईओएल सीआरएलएफच लिहा. तिथला कमांड इंटरप्रिटर नुसत्या १० वर अजूनही कधीकधी लेबलं चुकवतो.